स्तब्ध यंत्राची खातेनिहाय चौकशी

जे यंत्र एकदाचे बंद पडते त्याच्याविषयी गृहस्थाच्या मनात फारसा किंतु राहत नाही. मिक्सर जळाला की वास येतो, पंख्याचे वाइंडिंग गेले की पाते फिरत नाही, इस्त्रीचे कॉइल तुटले की ती निमूटपणे थंड राहते, आणि आपणही तितक्याच निमूटपणे ती पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या हवाली करतो. परंतु टेबलावरचा संगणक जेव्हा आपल्या लहरीनुसार, ऐन कामाच्या मध्यावर, कसलीही पूर्वसूचना न देता स्तब्ध होतो, पडद्यावरचे सारे चित्र जागच्या जागी असूनही त्यातले काहीच हलेनासे होते, आणि वीज तोडून पुन्हा जोडताच जणू काही घडलेच नाही अशा प्रसन्न मुद्रेने तो पुनश्च कामावर रुजू होतो, तेव्हा त्याला बिघडलेला म्हणावे की धडधाकट, याचाच निवाडा करता येत नाही. माझी उभी नोकरी महसूल खात्यात गेली असल्यामुळे या अवस्थेशी माझा परिचय मात्र जुना आहे. हजेरीपटावर सही, खुर्चीच्या पाठीवर कोट, मेजावर उघडी फाईल, फाईलवर चष्मा, आणि या सर्व चीजवस्तूंचा मालक कचेरीत कोठेच नाही, असे देखावे मी इतके पाहिले आहेत की संगणकाचा तो थिजलेला पडदा प्रथम दृष्टीस पडला तेव्हा मला संतापाऐवजी ओळखच पटली. फरक एवढाच की आमचा कारकून चहा पिऊन आपल्या पायांनी परत येत असे.

आमचा संगणक नामांकित घराण्यातला नव्हे. दुकानदाराने निरनिराळ्या खोक्यांतून निरनिराळे भाग काढून तो माझ्या डोळ्यांदेखत ‘असेंबल’ करून दिला, त्यामुळे त्याचे कूळ संमिश्र असले तरी कुलवृत्तांत मला तोंडपाठ आहे. त्याच्यावर विजेची बिले भरली जातात, पेन्शनीचा पत्रव्यवहार होतो, रात्री नाट्यसंगीत वाजते, आणि निवृत्तीनंतरही परक्या गावांचे सातबारा उतारे चाळल्यावाचून ज्यास झोप येत नाही अशा माझ्यासारख्याचे व्यसनही त्याच्यावरच भागते. तो थांबतो तेव्हा नेमके काय होते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. माऊसचा बाण असेल तेथे रुततो. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातले घड्याळ थांबते, आणि घटनेची वेळ त्यात मिनिटापर्यंत नमूद होऊन राहत असल्यामुळे तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने हा पहिला व बहुधा एकमेव विश्वसनीय पुरावा असतो. गाणे चालू असेल तर ते मात्र थांबत नाही. ध्वनीचा जो सूक्ष्म तुकडा त्या क्षणी स्मृतीत उतरलेला असतो तोच यंत्र अखंड घोळत बसते, आणि ज्या तानेसाठी गवयाने उभा जन्म वेचला तिचे रूपांतर कानावर हात ठेवावयास लावणाऱ्या कर्कश घरघरीत होते. आमचा संगणक बंद पडल्याचे शेजाऱ्यांना आमच्याआधी कळते ते यामुळेच.

अशा समयी मनुष्य प्रथम माऊस हलवतो. आधी सौजन्याने, मग जोराने, आणि अखेरीस उचलून आपटून. एका आज्ञेने यंत्र जागे होत नाही असे पाहून तो तीच आज्ञा पुनःपुन्हा देत सुटतो, आणि सुदैवाने ते जागे झालेच तर बारनिशीत तुंबलेल्या त्या सर्व अर्जांचा एकाच झपाट्यात निकाल लावून एकाच पत्राच्या डझनभर प्रती पडद्यावर उघडते व त्या ओझ्याखाली पुन्हा थांबते. यानंतरचा उपाय तीन कळांचा. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. तो घडविणाऱ्या मंडळींपैकी डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळा एकदम दाबून यंत्र नव्याने सुरू करण्याची तोड काढली, ती मुळात आपल्या सहकाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून, आणि कळांची निवड मुद्दाम अशी केली की चुकून हात लागून अनर्थ घडू नये, दोन्ही हात गुंतवावे लागावेत. खाजगी सोयीसाठी काढलेली ही पळवाट पुढे जगाचा राजमार्ग झाली. दोन्ही हात गुंतवूनही यंत्र हलले नाही, तर मात्र ते हात जोडण्यावाचून दुसरे काही उरत नाही.

जाणती माणसे हात जोडण्यापूर्वी कॅप्स लॉकची कळ दाबून पाहतात. त्या कळेचा दिवा पेटला-विझला तर समजावे की अंतर्यामी मुख्य कारभार चालू आहे, एखादा दुय्यम अंमलदार तेवढा अडला आहे. दिवाही दाद देईना तर सारी कचेरीच थंडावली. पहिल्या प्रकारात विंडोज स्वतःच त्या अंमलदाराच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असा शेरा मारते, आणि हा शेरा मारण्यापूर्वी ते किती काळ वाट पाहते, तर पाच सेकंद. पाच सेकंदांत निरोप न उचलणाऱ्यास जेथे निरुत्तर ठरविले जाते ती राजवट आमच्या खात्यात एक दिवस जरी लागू झाली असती तरी जिल्ह्याचा कारभार चालविण्यास फक्त भिंतीवरचे घड्याळ शिल्लक राहिले असते. शेरा पडल्यानंतर प्रश्न उभा राहतो की आता थांबावे की बळाने बंद करावे. आमच्या घरात या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. ‘अहो, थोडं थांबा, येईल ते आपोआप,’ हा सौभाग्यवतींचा पक्ष. ‘अहो, काय बघत बसलात, बटण दाबा,’ हा शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा. मी या वादात पडत नाही, कारण १९३६ साली ॲलन ट्यूरिंग याने सिद्ध करून ठेवले आहे की दिलेला कोणताही प्रोग्रॅम केव्हातरी आपले काम संपवील की अनंतकाळ फिरतच राहील, हे प्रत्येक प्रसंगी बिनचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. एका घरातील दोन पक्षांपैकी कोणालाही खोटे पाडता येणार नाही याची गणिताने एवढी चोख व्यवस्था अन्यत्र केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मी माणूस दप्तराचा. यंत्र पुन्हा चालू झाल्यावर इतर लोक अर्धवट राहिलेले काम उघडतात. मी नोंदवही उघडतो. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचे एक दप्तर असते, त्यात यंत्राच्या पोटातील बारीकसारीक घडामोडी तारीखवेळेनिशी लिहिल्या जातात, आणि गंभीर प्रकरणांपुढे लाल खूण असते. आमच्या यंत्राच्या प्रत्येक स्तंभनानंतर तेथे कर्नल-पॉवर या खात्याची, ४१ क्रमांकाची नोंद हटकून सापडे, आणि तिचा आशय एवढाच असे की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. ही नोंद प्रथम वाचली तेव्हा आपल्या हाती मोठे घबाड लागले असे मला वाटले. दुसऱ्या वाचनात तिची खरी योग्यता ध्यानात आली. ती घटनेच्या वेळी लिहिलेलीच नसते. जो लेखनिक ती लिहावयाचा तोच इतरांबरोबर थिजलेला असल्यामुळे प्रत्यक्ष घटनेचा साक्षीदार कोणीच नसतो, आणि पुनर्जन्मानंतर आपले मागचे दप्तर नीट मिटलेले नाही असे पाहून तो मागाहून नोंद घालतो. म्हणजे एखाद्या तलाठ्याने ‘सदर इसम मयत झाल्याचे, इसम आज पुन्हा हजर झाल्यावरून समजले’ असे लिहून मोकळे व्हावे तशातला प्रकार. बरे, यंत्र थांबले कशाने, याविषयी त्यात अवाक्षर नाही. वीज तोडण्याचे बटण मी दाबून धरले होते, तेव्हा ती नोंद म्हणजे यंत्राने माझ्याच विरुद्ध गुदरलेली फिर्याद ठरते. आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब घेतलेल्या माणसावर संगणकाकडून अशी वेळ यावी, याला काय म्हणावे?

साक्षीदार नाही, कबुली नाही, आणि आरोपी चौकशी अधिकारी आला की शहाण्यासारखा वागतो, अशा प्रकरणात तपासाची एकच पद्धत शास्त्रशुद्ध आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीचे सारे जसेच्या तसे ठेवावे, आणि दोष पुन्हा घडतो की नाही याची स्वस्थपणे वाट पाहावी. ही पद्धत जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत यशस्वी होईल. मराठी मध्यमवर्गीय घरात ती होत नाही. आपल्या घरात दुखणे एकाला झाले की औषध सगळे मिळून देतात, आणि वैद्याला न कळवता देतात.

प्रथम आला तो दुरुस्ती करणारा मुलगा. याचे निदान दूरध्वनीवरच तयार होते. ‘काका, फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅट मारणे म्हणजे यंत्राच्या तबकडीवरची सारी मांडणी पुसून विंडोजची नव्याने प्रतिष्ठापना करणे. गावात तंटा झाला म्हणून गाव उठवून दुसरीकडे वसवावे, इतका हा उपाय व्यापक आहे, आणि त्याचा मोठा गुण हा की तो यशस्वी झाला तरी दोष कोणता होता हे कधीच कळत नाही. मी नकार दिला. तो घरी आला तेव्हा यंत्र, प्रघाताप्रमाणे, हरणासारखे धावत होते. ‘चालतंय की, काका,’ तो म्हणाला, आणि त्या तीन शब्दांत माझ्या वयाविषयीचे त्याचे मत मला स्वच्छ ऐकू आले. तरीही आलाच आहे तर काहीतरी करून जावे म्हणून त्याने पाठीवरच्या पिशवीतून एक स्क्रूड्रायव्हर, एक पेनड्राइव्ह आणि शाळकरी मुले वापरतात तसा एक खोडरबर बाहेर काढला. खोडरबर पाहून मला वाटले की हा आता हिशेब मांडणार. परंतु त्याने खोक्याची बाजू उघडून रॅमची पट्टी उपसली आणि तिच्या कडेचे सोनेरी दात त्या रबराने असे मनोभावे घासले की देवघरातील पितळेची उपकरणीही इतकी घासली जात नसावीत. यात थट्टेचा भाग कमी आहे. त्या दातांवर मळ बसतो, खाचेशी असलेला संबंध मधूनच सुटतो, आणि एवढ्याशा कारणानेही यंत्र अडते. पट्टी काढून, पुसून, पुन्हा दाबून बसविणे हा देशभर चालणारा आणि पुष्कळदा लागू पडणारा उपाय आहे. माझी तक्रार एवढीच की पट्टी परत बसविताना त्याने ती शेजारच्या दुसऱ्या खाचेत बसविली. मळ गेला की खाच बदलली म्हणून फरक पडला, हे आता कोणी सांगावे?

‘रॅमचीच पक्की खात्री करायची असेल तर रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवा,’ असे सांगून तो पेनड्राइव्ह मागे ठेवून गेला. हा मेमटेस्ट मला मनापासून आवडला. चार जीबीच्या पट्टीत सुमारे ३,४३६ कोटी बिटांची घरे असतात. हा प्रोग्रॅम त्या प्रत्येक घरात एकदा शून्य, एकदा एक, मग उलटसुलट नमुने लिहितो, पुन्हा वाचून लिहिले तेच आले की नाही हे ताडून पाहतो, आणि एका घराने जरी भलते उत्तर दिले तरी लाल अक्षरात त्याचा पत्ता छापतो. इतक्या खातेदारांची घरोघर जाऊन फेरतपासणी, तीही कोणताही भत्ता न घेता, करणारा कर्मचारी मला हयातीत भेटला नव्हता. मी त्याला संध्याकाळी कामास लावून समाधानाने झोपलो. सकाळी उठून पाहतो तो पडदा काळा. ‘रात्रभर निळा उजेड जळत होता, मी पहाटे बंद केलं,’ हिने सांगितले. तपास तहकूब.

दरम्यान शेजारचे बँक अधिकारी मल्टिमीटर घेऊन हजर झाले. जगातील सर्व दोष व्होल्टेजपाशी येऊन थांबतात अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि संगणकाच्या बाबतीत तरी ती अगदीच निराधार नाही. खोक्याच्या मागील कोपऱ्यात एसएमपीएस नावाचा जो डबा असतो तो भिंतीतील २३० व्होल्ट घेऊन त्यांचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या बिनलाटांच्या प्रवाहात रूपांतर करतो. बारा व्होल्टचा आकडा ११.४ च्या खाली किंवा १२.६ च्या वर गेला तर डबा नियमाबाहेर गेला असे समजतात, आणि असा थकलेला डबा यंत्र स्वस्थ असताना ठीक चालतो व त्याच्यावर कामाचा भार पडला की क्षणभर कच खातो. तो क्षणच पुरतो. आमच्या स्नेह्यांनी हे सर्व मला विस्तारपूर्वक समजावून दिले, आणि नंतर भिंतीतल्या सॉकेटचे व्होल्टेज मोजले. ते यथास्थित निघाले. तेव्हा ‘तुमच्या एक्स्टेंशन बोर्डावर माझा विश्वास नाही’ असे म्हणून त्यांनी तो काढला आणि आपल्या घरचा जोडला. दुसरा बदल.

मदरबोर्डाकडे मात्र मी कोणाला हात लावू दिला नाही. टॉर्च घेऊन स्वतःच पाहिला. २००० सालानंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरांची एक साथच जगभर येऊन गेली, आणि त्या काळातील कित्येक यंत्रे अशीच अडखळत निकालात निघाली. हे कपॅसिटर लहान उभ्या नळकांड्यांसारखे असतात, त्यांच्या माथ्यावर मुद्दाम एक फुली कोरलेली असते, आणि आतील द्राव बिघडून वायू साठला की सपाट माथा फुगून त्या फुलीवाटे फाटतो. आमच्या यंत्रात सर्व माथे सपाट आढळले. ज्याचे डोके फुगते त्याला तत्काळ काढून टाकावे हा नियम या एकाच क्षेत्रात कटाक्षाने पाळला जात असल्याचे पाहून मी झाकण लावले.

न्यू जर्सीच्या भाच्याने प्रकरण दुरून हाती घेतले. हल्ली अशी सोय आहे की साता समुद्रांपलीकडील मनुष्य आपल्या यंत्राचा ताबा घेऊन तेथून येथला बाण हलवू शकतो. त्याने ताबा घेतला. बाण आमच्या डोळ्यांसमोर आपोआप फिरू लागला, खिडक्या उघडू-मिटू लागल्या, आणि एका यादीवर येऊन तो थबकला. आम्ही सर्वजण आदराने गप्प बसलो, कारण तो विचार करीत आहे असे आम्हाला वाटले. तिकडे तो आमची इंटरनेटची लाईन गेली असे समजून वाट पाहत राहिला. अशा परस्पर सद्भावनेत पुष्कळ वेळ गेल्यावर त्याचा फोन आला, ‘मामा, तुमच्याकडे लाईट गेलेत का?’ तेव्हा कोठे घड्याळाकडे लक्ष गेले. ज्या घटनेस आजवर साक्षीदार नव्हता ती दोन खंडांतील पाच माणसांच्या समक्ष घडली होती, आणि पाचांपैकी एकालाही कळली नव्हती.

भाच्याचे मत असे पडले की चार जीबी रॅम आजच्या ब्राउझरला पुरत नाही. हे मत मला पटण्यासारखे होते. स्मृती अपुरी पडली की यंत्र तिच्यातील काही पाने तबकडीवर नेऊन ठेवते व लागतील तेव्हा परत आणते. मागणी फारच वाढली तर सारा वेळ या ने-आणीतच जातो आणि मूळ कामास सवडच उरत नाही. पीटर डेनिंग या शास्त्रज्ञाने १९६८ सालीच या दुखण्याची चिकित्सा करून ठेवली आहे. मेज लहान म्हणून एक फाईल दप्तरखान्यात पाठवावी, दुसरी मागवावी, तिच्यासाठी पहिलीचा संदर्भ लागावा, म्हणून दुसरी पाठवून पहिली परत मागवावी, आणि सायंकाळी पाच वाजता शिपाई सोडून कोणीच काम केलेले नसावे, ही स्थिती मी अनुभवलेली आहे. मात्र या दुखण्यात खोक्यावरचा तबकडीचा लहान दिवा एकसारखा पेटलेला राहतो, शिपायाची धावपळ दिसते. आमच्या यंत्राचा दिवा स्तंभनाच्या वेळी साफ विझलेला असे. तबकडीचा एखादा भाग वाचता न आल्याने ती तेथेच घुटमळत राहते असाही एक प्रकार आहे. त्यात बहुधा खरखर ऐकू येते, ती आमच्याकडे नव्हती. हे मी भाच्याला लेखी कळवले. त्यावर त्याने ‘मामा, नवीन घ्या ना’ एवढेच उत्तर पाठवले, आणि जाता जाता दोन अँटीव्हायरसांपैकी एक काढून टाकला. दोन अँटीव्हायरस आमच्याकडे होते हे मला ठाऊकच नव्हते. एक दुकानदाराने घातला होता, दुसरा दुरुस्तीच्या मुलाने, आणि प्रत्येक फाईल उघडताना दोघेही एकाच वेळी तिची झडती घेऊ पाहत व एकमेकांवर संशय घेत. तिसरा बदल, आणि तोही परदेशातून.

या सबंध काळात मला धीर कोणी दिला असेल तर मंगळावरच्या एका संगणकाने. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर हे यान मंगळावर सुखरूप उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. त्या संगणकात निरनिराळ्या दर्जाची कामे एकाच प्रोसेसरवर चालत. हवामानाची नोंद घेणारे काम कनिष्ठ दर्जाचे. माहितीच्या सामाईक मार्गाची व्यवस्था पाहणारे काम श्रेष्ठ दर्जाचे. दळणवळणाचे काम मधल्या दर्जाचे. सामाईक मार्गाचे कुलूप एका वेळी एकाच्याच हाती. कनिष्ठाने कुलूप घेतले, आणि ते सोडण्यापूर्वीच मधल्या दर्जाच्या कामाने त्याला बाजूला सारून प्रोसेसर अडवला. आता श्रेष्ठ कुलपासाठी कनिष्ठावर अवलंबून, कनिष्ठ प्रोसेसरसाठी मधल्यावर अवलंबून, आणि मधल्याला यातील कशाचीच दादफिर्याद नाही. श्रेष्ठाचे काम मुदतीत झाले नाही असे पाहून पहारेकरी यंत्रणा सारा संगणकच नव्याने सुरू करी. दप्तरखान्याची किल्ली शिपायाच्या खिशात, शिपायाला अव्वल कारकुनांनी पान-तंबाखू आणावयास पाठविलेले, आणि खुद्द कलेक्टरसाहेब दाराशी तिष्ठत, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की त्या यानाची अडचण समजण्यास अंतराळविज्ञानाची आवश्यकता राहत नाही. त्यावरचा तोडगा तर अपूर्व होता. किल्ली ज्याच्या हाती असेल त्याला, ती सोडेपर्यंत, तिच्यासाठी थांबलेल्या श्रेष्ठाचाच दर्जा द्यावयाचा, म्हणजे मधल्या कोणाला त्याला हुसकता येत नाही. ही सोय प्रणालीत मुळातच होती, फक्त चालू केलेली नव्हती; पृथ्वीवरून संदेश पाठवून ती चालू करण्यात आली आणि खोळंबा मिटला. किल्ली जवळ असेतोवर शिपायास कलेक्टर समजावे, अशी शिफारस मी माझ्या सेवाकाळात केली असती तर मला निवृत्तीची वाट पाहावी लागली नसती.

परंतु त्या प्रकरणात मला खरा हेवा वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. त्या अभियंत्यांपाशी पृथ्वीवर यानाच्या संगणकाची हुबेहूब प्रत होती; तीच कामे तिच्यावर चालवून, तोच दोष पुन्हा हातात येईपर्यंत ते बसून राहिले, आणि त्या अवधीत त्यांच्या प्रयोगशाळेत कोणीही दिवाळीची साफसफाई काढली नाही.

आमच्याकडे ती निघाली. संगणकाच्या मेजाला उजव्या अंगास जी अरुंद खोबण असते, जिच्यात खोका दोन्ही बाजूंनी लाकडाने, वरून फळीने आणि पाठीमागून भिंतीने कोंडलेला उभा राहतो, तिच्यातून तो ओढून बाहेर काढण्यात आला. त्याच्या अंगावर हिने स्वहस्ते विणलेले क्रोशाचे आच्छादन होते, धूळ बसू नये म्हणून. आणि आच्छादनाच्या आत, मागच्या जाळीवर, धुळीचा असा दाट नमदा जमला होता की तो एका तुकड्यात निघाला. मुलाला पुन्हा बोलावणे गेले. त्याने बाजूच्या पत्र्याला हात लावून पाहिला आणि ‘काका, यात श्वास कुठून घेणार?’ एवढा एकच प्रश्न विचारला. मग ब्लोअर फिरला, पंखा साफ झाला, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली गेली, तबकडीची केबल त्याने जाता जाता बदलली, खोका खोबणीऐवजी मेजाबाहेर उघड्यावर आला, आणि आच्छादन धुण्यास गेले. तेव्हापासून यंत्र थांबलेले नाही.

घरात विजयोत्सव झाला आणि श्रेयाचे दावे दाखल होऊ लागले. हिच्या मते साफसफाई. शेजाऱ्यांच्या मते बोर्ड. भाच्याच्या मते अँटीव्हायरस. मुलाच्या मते पेस्ट, आणि थोडा रबर. मी म्हणालो की उष्णतेचा संशय बळकट आहे हे खरे, पण आजचे प्रोसेसर फार तापले की आधी आपला वेग उतरवतात आणि तरीही तापतच राहिले तर स्वतःस बंद करून घेतात, जागच्या जागी थिजून बसत नाहीत. तेव्हा रॅमची खाच आणि केबल यांनाही वगळता येत नाही. शिवाय चालते आहे म्हणजे दोष गेला, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? १९९५ साली आलेल्या विंडोजमध्ये मिलिसेकंद मोजणारा एक आकडा असा होता की यंत्र सलग ४९.७ दिवस चालू राहिले की तो भरून जाई आणि यंत्र अडे. हा दोष कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानातच आला नाही, कारण ते विंडोज तितके दिवस न अडखळता चालणे हीच दुर्मीळ गोष्ट होती. म्हणून मी रीतसर प्रस्ताव मांडला की केलेले बदल एकेक करून मागे घ्यावेत, प्रत्येक बदलानंतर यंत्र थांबते का ते पाहावे, आणि मूळ कारण निश्चित झाल्यावरच प्रकरण दप्तरी दाखल करावे. सभेत असा सन्नाटा पसरला की क्षणभर मला कॅप्स लॉक दाबून पाहण्याची इच्छा झाली.

‘अहो, चालतंय ना आता?’ ही म्हणाली. सर्वांनी माना डोलावल्या. मुलाचे बिल आले. त्यात कारण या सदराखाली काही लिहिलेले नव्हते. मी ते लेखी मागितले तेव्हा त्याने पेन घेऊन ‘सर्व्हिसिंग केले, ओके’ असे लिहिले आणि खाली सही केली. अशा मखलाशीवर मी नोकरीत असताना खुलासा मागवला असता. येथे पैसे दिले.

माझ्या प्रस्तावातील एकच कलम मंजूर झाले, तेही मी न मांडता. पाहुणे यावयाचे म्हणून क्रोशाचे आच्छादन, धुऊन, इस्त्री करून, खोक्यावर पुन्हा घालण्यात आले. यंत्र अद्याप चालू आहे. तेव्हा आच्छादनास संशयाचा फायदा देऊन तूर्त मोकळे केले असून तसा शेरा मी वहीत मारला आहे. पुढील तारीख रॅमच्या खाचेची. त्यासाठी ही लेकीकडे नाशिकला किती दिवस राहणार आहे, याची मी सहज म्हणून चौकशी करून ठेवली आहे.